मेथीची जुडी आणि बँकॉकची जोडी

परवा आमच्याकडे मेथीची भाजी झाली, तिच्यात काड्याच काड्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला ताटाच्या कडेला काड्यांची लहानशी मोळी रचली आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, आज पानं कचऱ्यात गेली वाटतं."

मैत्रिणींनो, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? गेली होती. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथी आणि समोर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. मोबाईलवर बँकॉकच्या कॉलेजातले दोन देखणे मुलगे एकमेकांकडे बघत होते. बघत होते म्हणजे काय, बघतच होते! अशा वेळी मेथीकडे बघायचं कोणी?

गेली काही वर्षं मला या थायलंडच्या मालिकांचं वेड लागलंय. दोन तरुण मुलगे, त्यांची भांडणं, त्यांचं प्रेम, आठवड्याला एक भाग, असे बारा-तेरा भाग. तिकडे यांना 'वाय' मालिका म्हणतात. हा 'वाय' आला जपानी 'याओई' या शब्दावरून. जपानमध्ये १९७० च्या दशकात मुलींच्या चित्रकथा काढणाऱ्या काही लेखिकांनी मुलग्या-मुलग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्या मुली. आपल्या आया स्वेटरचे टाके मोजत होत्या त्या काळात तिकडे हे चाललं होतं! थायलंडात या मालिकांमागे वेड्या झालेल्या मुलींना 'साव वाय' असं नावच आहे. 'साव' म्हणजे तरुणी. छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई, सकाळी शाळेत चार तास मराठी शिकवणारी बाई, आणि दुपारी मी मुलुंडची 'साव'. चोरून बघते तरी साव!

याचं सगळं श्रेय बोरिवलीच्या आमच्या नणंदबाईंना. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्या तिकडे अडकल्या, आम्ही इकडे. भांडी घासून घासून हाताच्या रेषा गेल्या होत्या. एके रात्री त्यांचा निरोप आला, "वहिनी, 'टुगेदर' बघ. काही विचारू नकोस, बघ." तेव्हा ती मालिका तिकडे चालूच होती, फेब्रुवारीत सुरू झाली आणि मेमध्ये संपली. गोष्ट अशी की टाईन नावाच्या मुलाच्या मागे एक मुलगा लागलेला असतो. त्याला टाळण्यासाठी टाईन कॉलेजातल्या सगळ्यांत तुसड्या मुलाला गळ घालतो, की तू माझा खोटा खोटा प्रियकर हो. पुढे काय होणार हे पहिल्या भागातच कळतं. कळलं तरी आपण तेरा भाग बघतो. आंब्याची फोड कशी लागणार हे ठाऊक असतं म्हणून आपण आंबा खायचा सोडतो का?

त्या तुसड्याचं नाव सारावात. थाई भाषेत सारावात म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर! धाकट्या भावाचं नाव फूकाँग, म्हणजे कॅप्टन. मुलांची नावं अशी ठेवणारी आई कशी असेल याचा मी भांडी घासताना पुष्कळ विचार केला. पण तिकडची खरी नावं वाचली की आपल्याला चक्क घरच्यासारखं वाटतं. सारावातचं काम करणाऱ्या नटाला सगळे ब्राइट म्हणतात. त्याचं कागदोपत्री नाव वाचिरावित, त्यातला 'वाचिर' म्हणजे आपलं वज्र. टाईनचं काम करणारा विन, त्याचं नाव मेथाविन. मेधावी हो आपला! दुसऱ्या एका मालिकेतला नायक आर्थित, म्हणजे आदित्य. त्यांचं 'सवातदी' हे अभिवादन आपल्या 'स्वस्ति'वरून घेतलेलं, आणि वर दोन्ही हात जोडून. बायका बोलताना वाक्याच्या शेवटी आदराने 'खा' म्हणतात. आमच्या धाकट्याने एकदा ते ऐकलं आणि विचारलं, "आई, ही बाई सारखी त्यांना खायला का सांगते?" म्हटलं, बाळा, आया सगळीकडे सारख्याच.

गंमत म्हणजे तिथे वयाने मोठा असेल त्याला 'पी' म्हणायचं, आपण दादा किंवा ताई म्हणतो तसं. प्रियकर एक वर्षाने मोठा असला तरी तो 'पी'च. पहिल्यांदा ते ऐकून मी चाट पडले. मग आठवलं, आपणही नवऱ्याला आयुष्यभर 'अहो'च म्हणतो, नावाने हाक मारायची चोरी. तर बिचाऱ्यांना काय नावं ठेवायची? फक्त एक सांभाळायचं. हाच 'पी' सूर बदलून म्हटला की त्याचा अर्थ भूत होतो.

चार-पाच मालिका झाल्या की त्यांची रीत कळते. नायकांपैकी एक तरी इंजिनिअरिंगचा असतोच. (आपल्याकडच्या वधूपित्यांनी मालिका काढल्या असत्या तर वेगळं काय झालं असतं?) एक जण पाय घसरून पडतो, दुसरा त्याला झेलतो, आणि ते दृश्य तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. मग पाऊस, आणि पावसामागून ताप. थाई नायकाला ताप आला की समजावं, आता गोष्ट पुढे सरकणार. दुसरा वाडग्यात पाणी घेऊन येतो, ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसतो, औषध देतो, उशाशी बसतो. मला या प्रसंगाचा पहिल्यापासून मोह. मागे मला डेंग्यू झाला तेव्हा आमच्या ह्यांनी दारातूनच विचारलं होतं, "ताप किती आहे? आणि हिंगाचा डबा कुठे ठेवलायस?"

'सोटस' ही २०१६ ची मालिका. तिच्यातला तो आर्थित पहिल्या वर्षाच्या मुलांवर डाफरणारा सिनिअर, मोठा कडक. पण कँटीनमध्ये जाऊन पितो काय, तर गुलाबी दूध! तिकडे त्याला 'नोम येन' म्हणतात, लाल रंगाचा गोड पाक घातलेलं थंड दूध. मी घरी केलं. एक पेला सायविरहित गार दूध, दोन मोठे चमचे गुलाबाचं सरबत, एक चमचा कंडेन्स्ड मिल्क आणि भरपूर बर्फ. वेगळी साखर घालू नका, फार गोड होतं. दुधाला नाक मुरडणारा आमचा धाकटा आठवडाभर रोज मागून प्यायला. या वेडाचा घराला झालेला हा एक तरी फायदा! दुसरं सांगते ते मेथीच्या अनुभवावरून. मालिका बघताना खालच्या ओळी वाचाव्या लागतात, तेव्हा हाताला डोळ्यांशिवाय होणारं काम घ्यावं. मटार सोलावेत, लसूण सोलावी, इस्त्रीच्या आधीच्या घड्या घालाव्यात. तांदूळ निवडायला बसू नये. आणि दूध तापत ठेवून तर मुळीच बसू नये.

आमच्या ह्यांना कळलं ते 'बॅड बडी'च्या वेळी. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही मालिका. शेजारी शेजारी दोन घरं, आईबापांचं हाडवैर, मुलं लहानपणापासून मार्कांत, खेळात, गाण्यात एकमेकांशी तोललेली. एकाचं नाव पॅट, दुसऱ्याचं प्रान, म्हणजे प्राण. (आपल्याला प्राण म्हटलं की सिगारेटचा धूर सोडणारा खलनायकच आठवतो.) हे खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघाले होते, ते वाटेत थबकले. "दोघेही मुलगेच आहेत ना?" म्हटलं, हो. "मग हिरॉइन कुठाय?" म्हटलं, नाही. त्यांनी जरा वेळ विचार केला. तेवढ्यात पडद्यावर दोन्ही घरचे बाप कुंपणाशी येऊन एकमेकांना टोमणे मारायला लागले. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन कुटुंबांचं आठ वर्षं वैर आहे. ह्यांना विषय पटला. आंघोळ राहिली, अर्धा भाग उभ्याने बघितला आणि जाता जाता म्हणाले, "वैराचं मूळ कारण काय ते कळलं की मला सांग." (कारण कळलं, मैत्रिणींनो. पॅटच्या बापाने तरुणपणी प्राणच्या आईला दगा दिलेला असतो, एका शिष्यवृत्तीपायी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पार्किंगपेक्षा बरं.")

सासूबाईंना खालच्या ओळी वाचता येत नाहीत, अक्षर बारीक आणि इंग्रजी. त्या नुसतं बघतात आणि आपली गोष्ट आपण जुळवतात. सुरुवातीला म्हणायच्या, "तो उंच मुलगा गुणी हो, आजारी भावाची किती सेवा करतो." मी गप्प. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात गच्चीवरचा प्रसंग आला, दोघे भांडले, रडले आणि एकदम एकाने दुसऱ्याचं चुंबन घेतलं. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. सासूबाईंनी चष्मा पुसला. "भाऊ नाहीत ते," त्या म्हणाल्या. "मला काय पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं होय? तू सांगतेस का ते बघत होते."

मग त्यांनीच बालगंधर्वांचा विषय काढला. त्यांच्या आजीने गंधर्वांची नाटकं पाहिलेली. त्यांचा शालू, त्यांची नथ, अंबाड्यावरचा गजरा बघून घरोघरच्या बायका तसं नटायला शिकल्या, हे आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. पण १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, ते जरा आठवा. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे, दोन चढाओढीच्या कंपन्यांचे दोन नायक. म्हणजे वैर असलेल्या दोन घरांतलेच म्हणा ना! दोघेही पुरुष, एकमेकांवर प्रेम करताहेत, आणि मुंबई माना वाकड्या करकरून ऐकते आहे. केशवराव त्याच वर्षी गेले आणि त्या प्रयोगाची आठवण लोकांनी शंभर वर्षं सांभाळली. मी म्हटलं, "बघा, म्हणजे आपल्याकडे हे होतंच." सासूबाई म्हणाल्या, "होतं, पण तेव्हा निदान एकाने शालू नेसला होता." मी त्यावर रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिले. हरकत असते ती नेमकी कशाला, प्रेमाला की पँटीला?

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. काही जुन्या मालिकांत एकाने दुसऱ्यावर बळजबरी केली तरी तिला प्रेम म्हणून खपवलं आहे, ते बघवत नाही. "मला मुलगे आवडत नाहीत, मला फक्त तूच आवडतोस," हे वाक्य इतक्या मालिकांत ऐकलं की वाटतं, बाबा, नुसतं आवडतोस म्हण ना, आधी खुलासा कशाला? आणि मध्येच नायक फ्रीज उघडून कुठल्याशा शीतपेयाची बाटली आपल्याकडे तोंड करून धरतो, तेव्हा तर हसू आवरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, 'खू-चिन'. 'खू' म्हणजे जोडी आणि 'चिन' हा इंग्रजी 'इमॅजिन'चा तोडलेला शेपटीकडचा तुकडा. मनातली जोडी. मालिकेतल्या दोन नटांची प्रेक्षकांनी आपल्या मनात लावलेली. दोघांच्या नावांचं एक नाव करायचं, त्यांचे फोटो एकत्र जपायचे, मुलाखतीत एकाने दुसऱ्याच्या ताटातलं काही उचललं की आनंदाने किंचाळायचं. त्यांच्यापैकी कोणाची खरी मैत्रीण निघाली तर कित्येकजणी रुसतात. मी आणि नणंदबाईही या जोड्या लावण्यात पटाईत. अमक्याचं तमक्याशीच जमायला हवं होतं, यावर आमचा लोकलमध्ये मुलुंड ते दादर वाद चाललेला असतो. नटांना त्याचा त्रास होत असेल का, असा विचार आधी कधी मनात आला नव्हता. त्यांचं कामच ते, आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात, असं म्हणून सोडून द्यायचे.

२०२५ च्या जुलैतली गोष्ट. नववीचा वर्ग, पाऊस, मधली सुट्टी नुकतीच संपलेली. मी वर्गात शिरले तर फळ्यावर खडूने मोठा बदाम काढलेला आणि त्यात दोन नावं. वर्गातल्याच दोन मुलांची. पहिलीपासून एका बाकावर बसणारे, एक उंच, एक चष्मेवाला. डबा एक, छत्री एक. बदामाखाली दोघांच्या नावांचं मिळून एक नावही केलेलं.

आणि मी हसले.

क्षणभरच, पण हसले. सवयीने. रात्रीच नणंदबाईंनी असंच एक चित्र पाठवलं होतं, असाच बदाम, अशीच जोडलेली नावं, आणि मी "किती गोड" म्हणून उत्तर दिलं होतं. ओठ माझ्या आधी हलले. शेवटच्या बाकावरच्यांनी ते टिपलं. बाई हसल्या! मग काय, परवानाच मिळाला. वर्गभर खसखस पिकली, कोणीतरी शिट्टी वाजवली. उंच मुलगा माझ्याकडे बघत होता. वर्गाकडे नाही, माझ्याकडे. चष्मेवाला वहीत तोंड खुपसून बसला होता.

मी फळा पुसला, रागावले, समानार्थी शब्द घेतले. सगळं करायचं ते केलं. पण दुसऱ्या दिवशी उंच मुलगा खिडकीजवळच्या बाकावर आणि चष्मेवाला दाराजवळ. मधे सहा रांगा.

घरी आल्यावर मोबाईल उघडवेना. मी जे रात्री लाडाने करते तेच या पोरांनी दुपारी केलं होतं. पण पडद्यावरच्या दोघांनी ते काम पत्करलेलं असतं. या दोघांना कोणी विचारलं होतं? ते नुसते मित्र असतील, आणखी काही असेल. मला माहीत नाही, आणि चौदाव्या वर्षी त्यांना तरी ते माहीत असायला हवं असं कोण म्हणतं? ती पोरं आहेत, माझी मालिका नाही.

दोन दिवसांनी मी उंच मुलाला जिन्यात गाठलं. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मी हसले ते चुकलं माझं." तो बुटाकडे बघत म्हणाला, "नाही बाई, काही नाही. आम्ही आता तसे बोलतच नाही." आणि भराभर जिना उतरून गेला. वर्गाला मी स्वच्छ सांगितलं, की फळ्यावर माझ्या अक्षराशिवाय कोणाचंही अक्षर दिसलं तर गाठ माझ्याशी आहे. वर्गशिक्षिकाबाईंशीही बोलले, त्यांनी लक्ष ठेवलं. शिट्ट्या थांबल्या. सहा रांगा तशाच राहिल्या.

नणंदबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, आपण बघतो ते तिकडे चालतं म्हणून." मी म्हटलं, तिकडे तरी आधी कुठे चालत होतं? दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना तिकडे लग्न नोंदवता यायला लागलं ते २३ जानेवारी २०२५ पासून, इतक्या मालिका होऊन गेल्यावर. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असं प्रेम गुन्हा नाही म्हटलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला. पण नववीच्या वर्गात न्यायालयाचा निकाल पोचत नाही. तिथे पोचतात ते शब्द, आणि ते कुठल्या सुरात म्हणायचे ते पोरं आपल्याकडूनच उचलतात.

सप्टेंबरात 'सबर बोंडं' लागला. रोहन कानवडे यांचा हा मराठी चित्रपट, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांतलं मोठं पारितोषिक मिळवून आलेला. मी आणि नणंदबाई दोघी गेलो. मुंबईतला मुलगा वडिलांच्या सुतकाच्या दहा दिवसांसाठी गावी जातो. लग्न कधी करणार, म्हणून नातेवाईक पिच्छा पुरवताहेत. तिथे लहानपणचा मित्र भेटतो, शेती करणारा. तो याच्यासाठी निवडुंगाची फळं आणतो. कोणी घसरून पडत नाही, कोणाला देखणा ताप येत नाही. आईला सगळं माहीत असतं, आणि ती त्याच्या बाजूने असते. आम्ही दोघी जोड्या लावण्यात पटाईत, पण बाहेर आल्यावर एक अक्षर बोललो नाही. स्टेशनवर उसाचा रस प्यायलो आणि आपापल्या गाडीत बसलो.

मालिका सोडल्या का, विचाराल. छे! मेथीचं सांगितलं ना मघाशी. नायकाला ताप आला की मी अजूनही पुढे सरकून बसते. जोड्यांची चित्रं मात्र आता पुढे कोणाला पाठवत नाही, नणंदबाईंनाही नाही. त्या कुरकुरतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर निबंधाच्या वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. मधे चष्मेवाल्याला कावीळ झाली होती, तो तीन आठवडे घरी होता. त्याची वही उघडली. न आलेल्या दिवसांची पानं भरलेली होती, सगळे धडे, सगळी उत्तरं, समास सोडून, खाली रेघ मारून. अक्षर उंच मुलाचं होतं. वर्षभर तपासतेय, ओळखते मी. आमच्या वर्गात दुसऱ्याने लिहिलेली वही चालत नाही, असा माझाच नियम आहे.

मी लाल पेनने खाली 'पूर्ण' असं लिहिलं, सही केली आणि वही गठ्ठ्यात मधोमध घातली.